सातशे चारचं पाणी

१

आमच्या सोसायटीत तुरीची डाळ शिजत नाही. पाच शिट्ट्या होतात, सात होतात, तरी वरणात दाणे वेगळे आणि पाणी वेगळं. साबणाला फेस येत नाही. चहावर कसलासा पापुद्रा तरंगतो. शॉवरची निम्मी भोकं बुजलेली असतात आणि स्टीलचं पातेलं कितीही घासलं तरी वाळल्यावर त्यावर पांढरे ठिपके उमटतातच. खारघरच्या आमच्या टॉवरला बोअरचं पाणी मिसळावं लागतं, म्हणून पाणी जड आहे. यात गूढ काहीही नाही.

पाण्याचं रसायनशास्त्र शिकायला मी चार वर्षं नेदरलँड्समध्ये होते. तिथली नोकरी नाकारून परत आले, कारण माझी खात्री होती आणि आहे, की आपल्याकडची निम्मी दुखणी कुणी नीट मोजलेलीच नाहीत. मोजलं की समजतं, समजलं की सुटतं. परतल्यावर दुसऱ्याच रविवारी मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहिले आणि जाहीर केलं, की सगळ्या एकशे बारा फ्लॅट्सचं पाणी मी स्वतः तपासून देणार.

"एकाच टाकीचं पाणी आहे ना सगळ्यांना? मग एकशे बारा वेळा कशाला?" सेक्रेटरी राजेश्वरी मॅडमनी विचारलं.

"टाकी एकच, पण पाइप वेगळे, गीझर वेगळे. कुठे किती क्षार साचतात ते कळेल."

"कर बाई, कर. आमचं तेवढंच टेन्शन कमी. डाळ शिजली तर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू तुझा."

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने माझे बाबा.

चाचणी सोपी असते. छोट्या बाटलीत पाणी घ्यायचं आणि त्यात एक औषध टाकायचं. पाण्यात क्षार असतील तर ते कोकमासारखं लाल होतं. मग दुसरं औषध थेंब थेंब सोडत राहायचं, पाणी निळं होईपर्यंत. थेंब जितके जास्त, तितकं पाणी जड. आमच्या घरी, म्हणजे सातशे तीनमध्ये, सतरा थेंब लागले. वरच्यांकडे सतरा, खालच्यांकडे सोळा. चार दिवस मी घरोघर फिरले, सोळा आणि अठराच्या बाहेर एकही आकडा गेला नाही. वहीतले रकाने इतके एकसारखे दिसायला लागले की मला जांभया यायला लागल्या.

मग शेजारचं सातशे चार उरलं.

२

सातशे चार बंद होतं. ज्योतिबाकाका आणि उज्वलाकाकू तिथे राहतात. काकूंच्या सासूबाई आजारी पडल्या म्हणून दोघंही जूनपासून साताऱ्याकडे गावी होते. किल्ली आईकडे होती. रोज सकाळी आई आधी आमच्या दारात रांगोळी काढायची, मग त्यांच्या दारात छोटीशी काढायची, आत जाऊन त्यांच्या देवांना आंघोळ आणि तुळशीला पाणी घालायची.

"बंद घराला रांगोळी कशाला गं?" मी एकदा विचारलं होतं.

"शेजाऱ्याचा उंबरा भुंडा ठेवतात का?" रांगोळी सोडताना तिची करंगळी बाहेर वळते. लहानपणी दारात चेमटून मोडली होती, ती तशीच वाकडी बसली. मला तो हात हजार हातांतून ओळखता येईल.

त्या सकाळी मी तिच्याबरोबर आत गेले. स्वयंपाकघरातला नळ सोडला, बाटली भरली, औषध टाकलं.

पाणी लाल झालंच नाही. टाकल्याबरोबर निळं.

म्हणजे शून्य. मी बाटली विसळून पुन्हा केलं. निळं. धावत घरी जाऊन आमचं पाणी आणलं, त्यात तेच औषध टाकलं, झकास लाल. औषधात खोट नव्हती.

मग मी आजूबाजूला पाहिलं. तोटी आरशासारखी लखलखत होती. सिंकमध्ये एक डाग नाही. बाथरूममधल्या शॉवरची सगळी भोकं मोकळी. कुणी राहत नसलेलं ते घर टॉवरमधलं सर्वांत स्वच्छ घर होतं.

"हे होय?" आई म्हणाली. "मला माहितीय ते. दीड महिना झाला, आपली डाळ मी ह्याच पाण्यात लावतेय. दोन शिट्ट्यांत लोणी! रोज एक कळशी नेते."

"आई! मला सांगायचं नाही का?"

"लोकांच्या घरचं पाणी भरते हे काय गावभर सांगत फिरू?"

मी तिला मिठी मारली. एका टाकीतून निघालेलं पाणी एका फ्लॅटमध्ये जाताना शुद्ध होत होतं आणि कारण सापडलं तर अख्ख्या खारघरचा प्रश्न सुटणार होता. मी तिला म्हणाले, "बिल्डिंगमधलं हे सगळ्यात चांगलं पाणी आहे. नुसती डाळ नाही, प्यायला, आंघोळीला, केसांना, सगळ्याला हेच वापर."

असं मीच म्हणाले. हे वाक्य वहीत तारखेसकट आहे.

३

मी आधी उज्वलाकाकूंना फोन केला.

"काकू, तुम्ही पाण्याला काही मशीन बसवलंय का?"

"कसलं मशीन गं पोरी? आमची तोटी तर दर दोन महिन्याला बदलाय लागायची. दगुड व्हायचा नुसता. का, गळतीय का काय?"

"नाही नाही. उलट छान चाललंय."

दुसऱ्या दिवशी मी धनाजीभाऊंना बोलावलं. गेली दहा वर्षं सोसायटीचं प्लंबिंग तेच बघतात. त्यांनी ओट्याखालचा जोड उघडला, पाइपात बोट घातलं आणि बोटाकडे बघत राहिले.

"ताई, तुमच्या घरचा पाइप मागं मीच काढलावता. आत एवढा थर, करंगळी जाईना. आन् ह्यो बगा. चाटूनपुसून ठेवल्यागत हाय."

"टाकीपासूनच बघू या. वर जाऊ."

आम्ही दार लावून गच्चीवर गेलो. सातशे चारची लाइन आमच्याच लाइनीशेजारून निघते आणि दोन्ही फ्लॅट्सच्या मधल्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या त्या उभ्या बोळातून, खाली उतरते. कुठे फिल्टर नाही, काही नाही. गच्चीवरच्या नळाला सतरा थेंब. अर्ध्या तासाने परत आलो, मी कुलूप उघडलं.

धनाजीभाऊंनी तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी ओट्यावर ठेवली होती. पुडी जशीच्या तशी. डबी उघडी आणि रिकामी. नुसती रिकामी नाही; घासून पुसून वाळवल्यासारखी. झाकणाच्या कडेला वर्षानुवर्षं साचलेला चुनाही नाहीसा झाला होता.

"आयला," धनाजीभाऊ हसले, "तंबाखू सोडून नुसता चुना खातंय कोन?"

मीही हसले. तेवढ्यात बाथरूमच्या बाजूने आवाज आला. झोपेत कुणी दात खावेत तसा, हलका, सावकाश, कोरडा.

"पाइप तापला की प्रसरण पावतो," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले. पण त्यांनी डबी उचलली नाही. खाली गेल्यावर लक्षात आलं, की पानासुद्धा आतच राहिलाय. तो आणायला ते आले नाहीत.

४

मी महिनाभर रोज दोन तास सातशे चारमध्ये बसले. कामाला शिस्त लागते म्हणून टेबल-खुर्चीही मांडली. नोंदी उत्तम होत होत्या. रोज शून्य.

एक गोष्ट मला शिकवताना सांगितलेली होती आणि मी ती अभिमानाने वहीच्या पहिल्या पानावर लिहिली होती. अतिशुद्ध पाणी स्वस्थ बसत नाही. त्याच्यातले क्षार काढून घेतले की जिथे मिळतील तिथून ते घेत सुटतं. सिमेंटमधून, फरशीच्या सांध्यांतून. त्यामुळे सिंकमागच्या फरशा हलायला लागल्या तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. काकूंच्या देवघरातला शंख मी उजेडात धरला आणि पलीकडची माझी बोटं दिसली, तेव्हाही मी म्हटलं, आई रोज त्याच पाण्याने धुते, झिजला असेल. माझी नखं कागदासारखी फाटायला लागली. पाणी हाताळून होतं असं.

रांगोळीचं मात्र मला पाण्याच्या हिशेबात बसवता येईना.

आईची तक्रार होती, की सातशे चारच्या दारातली रांगोळी झाडूवाली रोज पुसते. एका सकाळी सात वाजता माझ्यासमोर आईने रांगोळी काढली. सव्वासातला मी दार उघडलं. हळद-कुंकवाच्या चिमट्या जिथल्या तिथे होत्या. मधल्या पांढऱ्या रेषा नव्हत्या. झाडलेल्या नाहीत, विस्कटलेल्या नाहीत; नव्हत्याच. आमच्या दारातली रांगोळी पूर्ण होती. लिफ्ट बंद होती, जिन्यात कुणी नव्हतं, वारा नव्हता.

मी घरातल्या रांगोळीच्या डब्यात लिंबू पिळलं. ती फसफसली. पांढऱ्या दगडाचा भुगा, त्यात कॅल्शियम. चुन्यात कॅल्शियम. शंखात, सिमेंटमध्ये, आमच्या जड पाण्यात तेच.

म्हणजे पाणी शुद्ध होत नव्हतं. त्याच्यातलं काहीतरी कुणीतरी काढून घेत होतं. मी वहीत "कुणीतरी" खोडून "काहीतरी" लिहिलं आणि मग वाक्यात दोनदा "काहीतरी" आलं म्हणून ते पानच फाडलं.

५

त्या आठवड्यात आईचा हात मोडला.

ती पडली नाही. काही उचललं नाही. सातशे चारच्या कुलपात किल्ली घालून तिने फिरवली आणि मनगट टक्क वाजलं. मी मागेच होते. किल्ली कुलपात तशीच, आणि आई हाताकडे बघतेय, जणू तो दुसऱ्याचा आहे.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला.

"वय काय म्हणालात?"

"अठ्ठावन्न," बाबा म्हणाले.

"मागच्या वर्षीची तपासणी नॉर्मल दिसतेय." त्यांनी कागद पुन्हा पाहिला. "हा हात ऐंशीच्या बाईचा आहे. असं वर्षभरात होत नाही. काही औषधं? स्टिरॉइड?"

एक्स-रेमध्ये हाडांच्या जागी धुकं होतं. धुक्यात वाकडी करंगळी तेवढी ओळखू येत होती.

"पाण्याने हाडं विरघळत नाहीत," मी म्हणाले. "शुद्ध पाणी प्यायल्यानेसुद्धा नाही. तसा एकही पुरावा नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "मी पाण्याबद्दल कुठे विचारलं?"

घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "नेमका रांगोळीचाच हात गेला बघ. आता सहा आठवडे त्यांच्या दाराला कोण बघणार?"

६

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, टळटळीत उन्हात, मी एकटी सातशे चारमध्ये गेले. घाबरले नव्हते. चिडले होते. जे काही आहे ते बघायचं, मोजायचं आणि बंद करायचं, एवढंच डोक्यात होतं.

आवाज चालू होता. दात खाल्ल्यासारखा, बाथरूममधून. आत गेल्यावर कळलं की तो बाथरूममध्ये नाही. तिथल्या आडव्या काचपट्ट्यांच्या खिडकीमागे, डक्टमध्ये आहे. मी बादली उलटी घालून वर चढले, मधली एक पट्टी सरकवून काढली आणि फटीला डोळा लावला.

वरून गच्चीचा उजेड पडत होता. सगळे पाइप क्षारांनी पांढरेफटक, खडबडीत. फक्त सातशे चारचा पाइप काळाशार, नवा कोरा. समोर आमच्या स्वयंपाकघराची तसलीच खिडकी.

पाइपाला एक हात धरून होता.

बाळ दुधाची बाटली धरतं तसा, सगळी बोटं लपेटून. मी आधी तो क्षारांचा गोळा समजले. रंग तोच होता. ओल्या प्लॅस्टरचा, कुठेकुठे अजून न सुकलेला. त्यावर कातडी नव्हती. मग मला अंगठा आणि तर्जनी दिसली. ती दोन बोटं पाइपाला चिकटलेली नव्हती. ती एकमेकांवर घासत होती, सावकाश, चिमटीतून काहीतरी बारीक सोडत असल्यासारखी. आवाज त्याचाच होता.

आणि करंगळी बाहेर वळलेली होती.

मनगटापर्यंत तो पूर्ण झालेला होता. मनगटाच्या पुढचं मी पाहिलं नाही. पुढे काही होतं का, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, की उजेड अपुरा होता.

७

मी पट्टी परत बसवली. हे मला महत्त्वाचं वाटतं, की मी आधी पट्टी नीट बसवली आणि मग बाहेर आले.

धनाजीभाऊंनी गच्चीवरचा सातशे चारचा व्हॉल्व्ह बंद केला. का, ते त्यांनी विचारलं नाही. घरातली त्या पाण्याची कळशी मी ओतून टाकली. प्रश्न सुटला असं मी मानलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आई मऊ पोळी खाताना थांबली आणि तिने तळहातावर दात काढून ठेवला. चांगला, न किडलेला, पण कडेने पारदर्शक झालेला दात.

तेव्हा मला समजलं. पुरवठा मी तोडला होता. मागणी तशीच होती. नळ बंद झाला म्हणून त्याने दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली होती आणि त्याला आईची चव माहीत होती. मग प्रश्न फक्त आकड्याचा होता. मागणी भागवायची, ते आईपर्यंत पोचायच्या आधी.

मी बाजारातून रांगोळीची पोती आणली. रोज सकाळी सात वाजता अर्धा किलो. मला चित्रकला येत नाही, पण ठिपके समान अंतरावर मांडता येतात. सातशे चारच्या उंबऱ्यापासून लिफ्टपर्यंत मी ठिपक्यांची रांगोळी घालायला लागले. पंधरा मिनिटांत पांढरं सगळं जायचं. हळद-कुंकू राहायचं. मी ते झाडून घ्यायचे आणि वहीत वजन लिहायचे.

आमच्या मजल्यावर फारसं कुणी येत नाही, पण एका सकाळी सव्वासातच्या आत राजेश्वरी मॅडम आल्या आणि बघतच राहिल्या.

"अगं बाई! परदेशात शिकलीस ना तू? आमच्या मुलीला चिमूट धरता येत नाही गं. जयमालाताई, काय वळण लावलंय पोरीला!"

"माझा हात मोडला म्हणून करतेय," आई कौतुकाने म्हणाली. "मला तर आता रांगोळीचा डबा उचलू देत नाही."

"हा डोस आहे," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही. तुम्ही जरा बाजूने जा, रेषा मोडेल."

आणि डोस लागू पडला. दुसरा दात हलला नाही. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं. नव्या एक्स-रेत धुकं पुष्कळ विरळ झालं होतं आणि त्यामागून हाडं दिसायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी इतका फरक पडत नाही, काय केलंत? माझी नखं पुन्हा कडक झाली. रात्री मी निवांत झोपायला लागले. ते काय आहे हे मला अजून माहीत नव्हतं, पण त्याला किती लागतं हे माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. मोजलं की सुटतं. मी हे सगळं लिहून काढायला घेतलं तेच त्या विश्वासाने.

आज त्रेपन्नावा दिवस. सकाळी सातला मी रांगोळी घातली आणि नेहमीप्रमाणे दाराशी थांबले. सव्वासात वाजले. रांगोळी होती. साडेसातला होती. आठ वाजता मी वाकून एकेक ठिपका पाहिला. एकही रेष कमी झाली नव्हती. सातशे चारचं दार उघडून मी आत कान दिला. घासण्याचा आवाज नव्हता. शंभर दिवसांत पहिल्यांदा ते घर नुसतं एक बंद घर होतं.

मी उंबऱ्यावरच बसले आणि मला हसू आलं. भागलं होतं त्याचं. अर्धा अर्धा किलो करत मी त्याला पुरवून पुरवून संपवलं होतं. पांढऱ्याशुभ्र रांगोळीकडे बघताना मला रडूही आलं, आणि ते आईला दाखवावं म्हणून मी हाक मारणार, तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग दुसरी. मग गॅस बंद झाल्याचा आवाज, झाकण उघडल्याचा आवाज.

"क्षिप्रा," आई आतून आनंदाने ओरडली, "अगं लवकर ये, गंमत बघ! आपल्याच नळाचं पाणी, आणि दोन शिट्ट्यांत डाळ नुसती लोणी झालीय!"